पानावरची ती काळी अळी कोणाची? ढालकिड्याचा जन्म आणि वाढ

  आजचा विषय लहान आहे, म्हणजे आकारानं लहान. तुरीच्या दाण्याएवढा. पण त्याच्यापायी आम्ही एकदा चांगलेच तोंडघशी पडलो होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचे दिवस, करडईला फांद्या फुटायला लागलेल्या. होट्टलच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, त्यांनी बोलावलं. म्हणाले, "गुरुजी, आधी मावा होता, आता त्याच्यावर ही दुसरीच अळी पडली बघा. काय मारावं काही कळंना गेलंय." आम्ही दोघं गेलो. शेंड्याजवळ काळ्या माव्याचा थर बसलेला, पानं चिकट झालेली, आणि त्या थरातून फिरत होत्या काळपट रंगाच्या, अंगावर बारीक काटेरी गाठी असलेल्या, कडेला नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या. दिसायला अगदी ओंगळ. छोटीशी सुसर पानावर सोडल्यासारखी. आम्ही विज्ञान शिकवणारी माणसं, तरी आम्हाला ओळखता आलं नाही. आम्ही सांगून मोकळे झालो की फवारून टाका. त्यांनी दुसऱ्या दिवशी फवारलं.

निघताना मात्र आम्ही माव्यानं भरलेला एक शेंडा तोडून बरणीत घातला होता, त्यावर अशा तीन अळ्या होत्या. कुतूहल म्हणून. रोज दोन दिवसांनी मावा आणून टाकायचो. चार-पाच दिवसांनी त्या अळ्या खायच्या थांबल्या, बरणीच्या कडेला शेपटी चिकटवून गोळा होऊन बसल्या. आम्हाला वाटलं मेल्या. बाराव्या दिवशी सकाळी बरणीत एक लाल, सात काळ्या ठिपक्यांचा किडा बसलेला. तोच, जो पहिलीच्या पुस्तकातसुद्धा पोरं ओळखतात. म्हणजे आम्ही त्या शेतकऱ्याला त्याच्याच राखणदारांवर औषध मारायला लावलं होतं. तोपर्यंत त्यांच्या करडईवर मावा परत चढायला लागला होता, आणि या खेपेला त्याला खाणारं शेतात कोणी उरलं नव्हतं. त्यांनी अजून दोन फवारण्या केल्या. पैसे त्यांचे गेले, सल्ला आमचा होता.

तेव्हापासून आम्ही हे किडे बरणीत वाढवून बघतो आहोत. आज जे सांगणार आहोत त्यातलं बरंच डोळ्यांनी बघितलेलं आहे, बाकीचं कीटकशास्त्राच्या अभ्यासातून आलेलं.

नावाचं आधी मिटवू. कृषी खात्याच्या घडीपत्रिकेत 'ढालकिडा' लिहितात किंवा सरळ 'लेडी बर्ड बीटल'. पाठीवर ढालीसारखं गोल, टणक कवच असतं म्हणून ढालकिडा. इंग्रजीतली 'लेडी' म्हणजे येशूची आई मेरी. युरोपात सात ठिपक्यांच्या किड्याचा संबंध तिच्या सात दुःखांशी लावला गेला. आपल्याकडे पोरं नुसतं ठिपक्याचा किडा म्हणतात, तेही चालतं. जगात या कुळाच्या सुमारे 6,000 जाती आहेत. आपल्या शिवारात नेहमी दिसणाऱ्या दोन-तीन लक्षात ठेवल्या तरी पुरे. एक तो सात ठिपक्यांचा लाल. प्रत्येक बाजूला तीन ठिपके आणि सातवा मानेपाशी मधोमध, दोन्ही पंखांत वाटून गेलेला. दुसरा पिवळसर नारिंगी, त्यावर काळ्या नागमोडी रेघा. हा कपाशीत, चवळीत, ज्वारीत सगळीकडे असतो. तिसरा नारिंगी, त्याच्या पाठीवर मधोमध काळा पट्टा आणि बाजूला आडवे काळे डाग.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ठिपके म्हणजे वय नव्हे. सात ठिपक्यांचा किडा सात महिन्यांचा किंवा सात वर्षांचा नसतो. ठिपके जातीवर ठरतात आणि एकदा आले की मरेपर्यंत तेवढेच राहतात.

आता जन्माकडे येऊ. नर आणि मादी लांबून सारखेच दिसतात. मादी थोडी मोठी. मिलन पुष्कळ वेळ चालतं, तासभर सहज, कधी काही तास. मादीच्या पोटात वीर्य साठवायची एक छोटी पिशवी असते, त्यामुळे एकदा मिलन झालं की ती पुढे बरेच दिवस फळलेली अंडी घालू शकते. तरीही ती एकाहून अधिक नरांशी जुळते. पण खरी गोम इथे नाही. खरी गोम तिच्या खाण्यात आहे. मादीला पोटभर मावा मिळाला तरच तिच्या पोटात अंडी तयार होतात. परागकण, फुलातला मध यावर ती जगते, पण बहुतेक जातींना तेवढ्यावर अंडी धरता येत नाहीत. आणि मध्येच मावा संपला तर? तयार होत आलेली अंडी ती शरीरात परत जिरवून टाकते. घरात धान्य नसताना पाहुणे बोलवू नयेत, हे तिला बरोबर कळतं.

अंडी कुठे घालायची हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय. ती माव्याच्या वस्तीजवळ, शक्यतो पानाच्या खालच्या बाजूला, दहा-वीस-तीसच्या झुपक्यानं अंडी घालते. पिवळी, लांबट, साधारण एक मिलिमीटरची, आणि सगळी उभी. जणू कोणी बाजरीचे दाणे उभे करून चिकटवले. चांगलं खाणं मिळालं तर एक मादी आयुष्यभरात काही शे अंडी घालते, कधी हजाराच्या वरही जाते.

पण ती कुठेही घालत नाही, बरं का. मावा नुकता वाढायला लागलेला असेल तिथे ती घालते. फार जुनी, भरगच्च वस्ती असेल तिथे टाळते. आपल्याला हे उलट वाटतं. भरपूर मावा म्हणजे भरपूर खाणं, मग का टाळायचं? याचं कारण असं की माव्याची वस्ती फार दिवस टिकत नाही. थोड्या दिवसांत झाडाचा रस आटतो, माव्याला पंख फुटतात आणि तो उडून जातो. अळी मोठी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आज भरलेल्या ताटावर पोरं बसवली तर ती निम्मी वाढेपर्यंत ताट रिकामं. म्हणून ती सुरुवातीची वस्ती शोधते. शिवाय त्या पानावर आधी दुसऱ्या अळ्या फिरून गेल्या असतील तर त्यांच्या पायांमागे राहिलेला वास तिला कळतो आणि ती पुढच्या झाडावर जाते. का? ते पुढे येतंच आहे.

अंडी फुटायला आपल्याकडच्या उष्ण दिवसांत दोन ते चार दिवस लागतात, थंडीत थोडे जास्त. फुटायच्या आधी पिवळा रंग करडा, काळपट होतो. भिंग असेल तर आतल्या अळीचे डोळे दिसतात. बाहेर आलेली अळी दीड-दोन मिलिमीटरची असते. ती लगेच कुठे जात नाही, दिवसभर रिकाम्या टरफलांवरच बसून राहते. टरफलं खाते. आणि शेजारी अजून न फुटलेलं अंडं असेल तर तेही खाते.

हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्यासोबतची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हे तर भावंडं खायलेत!" हो, खातात. त्या झुपक्यातली काही अंडी फळलेलीच नसतात, काही उशिरा फुटणारी असतात. आधी आलेल्याला ती शिदोरी मिळते. यात क्रूरपणा शोधण्यापेक्षा त्या अळीची परिस्थिती बघा. ती माव्याएवढीच आहे. काही मावा तर तिच्यापेक्षा मोठा. मावा पायानं लाथ मारतो, पाठीमागच्या दोन नळ्यांतून चिकट द्रव सोडून तिचं तोंड चिकटवतो, धोक्याचा वास सोडून शेजाऱ्यांना सावध करतो, नाहीतर सरळ पानावरून खाली उडी घेतो. आणि ही अळी जवळजवळ आंधळी. मावा तिला लांबून दिसत नाही, अंगाला लागल्यावरच कळतो. पानाच्या शिरा आणि कडा धरून ती चालत राहते. एकही मावा न सापडता दीड-दोन दिवस गेले तर ती मेली. बहुतेक अळ्या इथेच जातात. त्यामुळे भावंडाचं एक अंडं पोटात असणं म्हणजे तिच्यासाठी एक दिवसाचा जादा श्वास.

पहिला मावा सापडला की मात्र तिचं चालणं बदलतं. सरळ चालायचं सोडून ती जागेवरच गिरक्या घ्यायला लागते, वेग कमी करते. एक मावा आहे तिथे दहा असणारच, हा साधा हिशेब. बरणीत हे अगदी स्वच्छ दिसतं. घरी पोरांना दाखवा, टीव्हीपेक्षा जास्त वेळ बसतील.

अळीला वाढीत तीन वेळा कात टाकावी लागते, म्हणजे चार अवस्था. शेपटीच्या टोकाला एक चिकट गादीसारखा भाग असतो; तो पानाला चिकटवायचा, डोकं खाली करायचं आणि जुन्या कातड्यातून बाहेर यायचं. पहिल्या अवस्थांत ती माव्याचा रस शोषते, शेवटच्या दोनमध्ये सबंध मावा चावून खाते. सगळ्या अळीपणात जेवढं खाणं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या चौथ्या अवस्थेत होतं. सात ठिपक्यांची एक अळी पूर्ण वाढेपर्यंत काही शे मावा संपवते. म्हणजे शेतकऱ्याला जी सगळ्यात मोठी, सगळ्यात ओंगळ, सगळ्यात भीतिदायक अळी दिसते, तीच त्या दिवशी सगळ्यात जास्त काम करत असते. आमच्या त्या करडईवर नेमक्या याच अळ्या होत्या.

उष्ण दिवसांत अळीपण आठवडा-दहा दिवसांत आटोपतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा खाली गेला की ते पंधरवड्यापर्यंत लांबतं. कीटकाचं रक्त आपल्यासारखं एका तापमानाला बांधलेलं नसतं. बाहेर गारठा तर आतली सगळी कामं संथ.

मग एक दिवस अळी खाणं थांबवते. पानावर, काडीवर, कधी शेतातल्या दगडावर सुद्धा शेपटीचं टोक चिकटवते, पाठ वाकवते आणि शेवटची कात टाकते. ही कात तिच्या बुडाशी चुरगळून राहते. आत असतो कोष. रेशमाच्या किड्यासारखा धागा नाही, घर नाही. उघड्यावर बसलेला नारिंगी-काळा गोळा. लोक याला 'पानावरची गाठ', 'रोग', 'खवले कीड', काहीही समजतात. आम्हाला मोबाइलवर जेवढे फोटो येतात त्यात सगळ्यात जास्त याच कोषाचे असतात आणि सोबत एकच प्रश्न: काय मारू? काडीनं हळूच स्पर्श करून बघा. कोष एकदम उठाबशा काढल्यासारखा वर-खाली झटके देतो. खवले कीड असं करत नाही. हे झटके बारीक गांधीलमाश्यांना आणि मुंग्यांना हुसकावण्यासाठी असतात.

कोषात काय होतं, तर अळीचं जवळजवळ सगळं शरीर मोडून नव्यानं बांधलं जातं. उन्हाळी दिवसांत तीन-चार दिवस, थंडीत आठवडाभर. बाहेर येतो तो किडा बघून निराशा होते. फिकट पिवळा, मऊ, ओला, एकही ठिपका नाही. आमच्या बरणीत एकदा असा निघाला तेव्हा आम्ही त्याला नवीन जात समजून बसलो होतो! तो आधी पंख पसरून वाळवतो. तासाभरानं पुसट ठिपके उमटायला लागतात, दिवसभरात कवच कडक होतं. लाल रंग तर पुढे कितीतरी दिवस गडद होत राहतो. वरचं लाल कवच म्हणजे पुढच्या पंखांची जोडी, ती उडायची नसते, झाकणाची असते. उडायचे पंख खाली घडी घालून ठेवलेले असतात आणि ते कवचापेक्षा लांब असतात.

तर अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत दोन ते चार आठवडे. नागमोडी रेघांचा ढालकिडा उष्ण हवेत जेमतेम पंधरा-वीस दिवसांत पूर्ण होतो, सात ठिपक्यांच्याला जरा जास्त लागतात. भुंगेरा झाल्यावर तो पुढे काही महिने जगू शकतो आणि मावा खातच राहतो.

लाल रंग हा शोभेसाठी नाही हे तुम्हाला माहीत असेल. ढालकिडा हातात दाबून धरला तर त्याच्या पायांच्या सांध्यातून पिवळा थेंब येतो. ते त्याचं रक्तच आहे, कडू आणि उग्र वासाचं. एकदा चाखलेला पक्षी परत नादी लागत नाही. लाल रंग म्हणजे त्याची आठवण करून देणारी पाटी.

आता माव्याकडे बघू, कारण ही गोष्ट दोघांच्या शर्यतीची आहे. मावा हंगामात नराशिवायच पैदा होतो. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही सगळ्या माद्या. आणि जन्माला आलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. आजीच्या पोटात आई आणि आईच्या पोटात नात, एकाच वेळी! उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत ते पिल्लू स्वतः आई होतं. म्हणजे ढालकिड्याची एक पिढी होते तेवढ्यात माव्याच्या दोन-तीन होतात. ढालकिडा वेगात माव्याला कधीच गाठू शकत नाही. तो जिंकतो ते आधीपासून शेतात हजर असल्यामुळे, आणि एकटा नसल्यामुळे: क्रायसोपाच्या अळ्या, सिरफीड माशीच्या अळ्या, बारीक परोपजीवी गांधीलमाश्या, सगळे मिळून.

आणि म्हणूनच फवारणीचा प्रश्न इतका नाजूक आहे. समजा पूर्ण शेतावर डायमेथोएटसारखं सर्वांना मारणारं औषध पडलं. मावाही मेला, ढालकिडाही. पण खालच्या पानांआड दोन-चार मावा राहतोच, किंवा शेजारच्या शेतातून पंखवाला येतो. त्या दोनांचे आठवड्यात वीस होतात, दोन आठवड्यांत दोनशे. ढालकिड्याला मात्र आधी उडत यावं लागतं, पोटभर खावं लागतं, मग अंडी, मग अळी. तोवर तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत शेतकरी दुसऱ्यांदा पंप पाठीवर घेतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल. प्रत्येक टळलेली फवारणी म्हणजे नुसते वाचलेले पैसे नव्हेत.

जगात हा धडा फार आधी गिरवून झाला आहे. कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या कापसासारख्या खवले किडीनं बसत चालल्या होत्या. ती कीड ऑस्ट्रेलियातून आलेली. 1888 साली आल्बर्ट कोबेले नावाचा माणूस ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून त्या किडीवर जगणारे छोटे लाल-काळे ढालकिडे पाठवू लागला. काही शे किडे, बस. त्यांची पिढी किडीपेक्षा लवकर होत होती आणि ते दुसरं काही खात नव्हते. दीड-दोन वर्षांत बागा उभ्या राहिल्या. पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बागांवर डीडीटी फवारलं गेलं, ढालकिडे मेले आणि पन्नास वर्षं शांत असलेली कीड पुन्हा उसळली. आपल्या करडईत आम्ही केलं ते हेच, फक्त लहान आकारात.

आपल्या देशातही असा एक पाहुणा आहे. क्रिप्टोलेमस, हाही ऑस्ट्रेलियाचाच. 1898 साली भारतात आणला गेला. आज नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकणासाठी तो विकत घेऊन सोडतात. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरी अंगावर बाळगते, म्हणजे दिसायला हुबेहूब पिठ्या ढेकूण! विकत आणलेली अळी पिठ्या ढेकूण समजून पुसून टाकणारेही आहेत. आमची चूक आठवली की आम्ही त्यांना हसत नाही.

इथे एक उलटी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर विसंबून कोणाची वांगी जायची. याच कुळातला एपिलॅक्ना नावाचा भुंगेरा वांग्याची आणि कारल्याची पानं खातो. अंडी तशीच पिवळी, उभी. फरक असा: एपिलॅक्नाच्या पाठीवर बारीक केस असतात त्यामुळे तो मळकट दिसतो, आपला ढालकिडा चकचकीत. एपिलॅक्नाची अळी पिवळी असते, अंगावर फांद्या फुटलेले काटे, आणि ती पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करते. पान जाळीदार झालंय आणि जवळ मावा नाही, तर तो शत्रू. पानावर मावा आहे आणि अळी माव्यात तोंड घालून बसली आहे, तर तो मित्र. किड्याच्या रंगापेक्षा त्याचं ताट बघा. आणि पावसाळ्यात गाजरगवतावर दिसणारा रेघांचा भुंगेरा या दोघांपैकी कोणीच नाही. तो मेक्सिकोहून 1980 च्या दशकात मुद्दाम आणलेला, गाजरगवत खाणारा. त्यालाही मारू नका.

ढालकिड्याला शत्रू नाहीत असं नाही. माव्याच्या चिकट गोड द्रवासाठी मुंगळे माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याला चावून हाकलतात. एक बारीक गांधीलमाशी तर भुंगेऱ्याच्या पोटात अंडं घालते. तिची अळी आत वाढते, बाहेर येते आणि ढालकिड्याच्याच पायांत कोष विणते. बिचारा ढालकिडा अर्धमेला होऊन त्या कोषावर पहारा देत बसतो. काही त्यातूनही वाचतात. युरोपातल्या दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यात असा एक जिवाणू आईकडून अंड्यात उतरतो, जो फक्त नर भ्रूण मारतो. ती न फुटलेली अंडी मग बहिणी खातात. निसर्गात हिशेब असा कुठल्या कुठे जाऊन जुळतो.

आता मग करायचं काय? पहिलं, फवारायच्या आधी मोजा. कपाशीत माव्यासाठी साधारण पानामागे दहा मावा ही नुकसानीची पातळी धरतात. त्याच्या खाली असेल तर पंप काढायची घाई नको. दुसरं, मोजताना मावा मोजतो तसे ढालकिडे, त्यांच्या अळ्या, कोष आणि अंडीही बघा. प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या झाडावर ते दिसत असतील तर चार दिवस थांबा आणि परत मोजा. तिसरं, हात घालावाच लागला तर पाच टक्के निंबोळी अर्कापासून सुरुवात करा. लहान अळ्यांना त्याचाही थोडा त्रास होतो, पण मोठ्या औषधाच्या मानानं काहीच नाही. करडई वेळेवर पेरा, उशिराच्या करडईवर मावा जास्त येतो. आणि कपाशीत चवळीची एखादी ओळ असू द्या. चवळीवर मावा आधी येतो, त्यामागोमाग नागमोडी ढालकिडा येतो आणि कपाशीला गरज पडते तेव्हा तो शेतातच असतो. करडईची शेतं आपल्याकडे फार कमी झाली, सोयाबीन आणि हरभऱ्यानं जागा घेतली. थंडीत ढालकिड्याला मावा पुरवणारं एक मोठं पीक त्यामुळे आटलं, हे आम्हाला काळजीचं वाटतं.

काही प्रश्न आले आहेत, ते घेतो.

एका ताईंनी विचारलंय, उन्हाळ्यात हे जातात कुठे? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, शेतं मोकळी. भुंगेरे ओलाव्याच्या जागा धरतात: लसूणघास, भाजीपाल्याचे वाफे, कॅनॉलच्या कडेचं तण. रुईच्या झाडावर पिवळा मावा बघितला असेल, तिथेही हे सापडतात. त्यामुळे बांध पेटवताना, बांधावरचं सगळं तणनाशकानं साफ करताना तेही जातात. बांध थोडा अस्वच्छ असलेला बरा.

दुसरा प्रश्न, यांना मावा नाही मिळाला तर पीक खातील का? नाही. परागकण खातील, इतर बारीक कीटकांची अंडी खातील, एकमेकांना खातील, पण तुमचं पान खाणार नाहीत. मघाशी म्हटलं ना, मादी आधी अळ्या फिरलेल्या पानावर अंडी का घालत नाही. त्याचं उत्तर हेच. भुकेल्या मोठ्या अळ्या तिची अंडी खाऊन टाकतील.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतून: "शेजाऱ्याच्या रानातले धरून माझ्या रानात सोडले तर चालतील का?" भुंगेरे आणून सोडाल तर संध्याकाळपर्यंत उडून जातील, त्यांना पंख आहेत. आणायचेच असतील तर अळ्या आणा. त्यांना पंख नाहीत. ज्या शेंड्यावर अळ्या आहेत तो सकाळच्या गारव्यात कात्रीनं कापायचा, कागदी पिशवीत ठेवायचा, प्लॅस्टिकच्या नाही, घाम सुटतो. आणि लगेच नेऊन माव्याच्या झाडाला टेकवून ठेवायचा. शेंडा सुकला की अळ्या आपोआप तुमच्या झाडावर चढतात. एका पिशवीत फार दाटी करू नका, घरी पोचेपर्यंत निम्म्याच उरतील. आणि हो, शेजाऱ्याला विचारून न्या. त्याला माहीत असेल तर तो देणार नाही.